गावठी कोंबडीचा निरख

(तिरुवैयारु येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या ग्रामात त्यागराजस्वामींनी उंछवृत्तीने राहून आपली कीर्तने रचली, जेथे पुष्य बहुल पंचमीला त्यांच्या समाधीपुढे शेकडो गायकांचे कंठ एका स्वरात मिळून जातात, त्या ग्रामात उभे राहून गावठी कोंबडी आणि तिची अंडी यांच्या बाजारभावाविषयी बोलणे आपल्यापैकी काहींना औचित्यास सोडून वाटण्याचा संभव आहे. तरीही हा विषय मी बुद्धिपुरस्सर निवडला आहे. तंजावरच्या मराठ्यांचे नाव निघाले की आपण सरस्वती महालातील ग्रंथांचे, मोडी रुमालांचे, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरविलेल्या भोसलेकुलाच्या प्रदीर्घ इतिहासाचे स्मरण करतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या राज्याचे पोट ज्या कावेरीच्या खोऱ्यावर भरत होते, त्या खोऱ्यातील खळ्यावर सांडलेला दाणा टिपून जगणारा, आणि घरच्या बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या म्हणता येतील असे चार पैसे आणून देणारा जो पक्षी, त्याचा विचार अशा व्यासपीठावरून आपण कितीदा केला? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अंडे शिजत नाही, हे मी जाणतो. अंडे खावे की न खावे, हा आजचा प्रश्नच नाही. ज्या बाईने ती कोंबडी वाढविली तिच्या पदरात तिचे योग्य मोल पडते की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे, आणि तो शाकाहारी श्रोत्यांनाही तितकाच लागू आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. येथून उत्तरेला, कोळ्ळिडम् नदीच्या पलीकडच्या तीरावर तिरुमळपाडी आहे. १६७७ च्या पावसाळ्यात दक्षिणदिग्विजयाला निघालेल्या शिवाजीमहाराजांची आणि त्यांचे सावत्र बंधू, तंजावरचे एकोजीराजे, यांची भेट झाली ती तेथे. त्या भेटीत वडिलार्जित दौलतीच्या वाट्याचा वाद होता, आणि इतिहासकारांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. मला मात्र त्याआधी तीन-चार वर्षे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र अधिक महत्त्वाचे वाटते. त्या पत्राचे तात्पर्य असे की, लष्कराला जे हवे ते बाजारात जाऊन मोल देऊन घ्यावे, रयतेच्या घरात शिरून काडीचाही उपद्रव करू नये. हे लिहून बजवावे लागले, यावरूनच प्रघात काय होता हे उघड होते. अंमलदार गावात आला की त्याची सरबराई गावाने करावयाची, आणि त्या सरबराईत कोंबडी व अंडी ही सर्वांत आधी धरली जावयाची. धान्य पेवात दडविता येई, गुरे रानात हाकलून देता येत. अंगणातली कोंबडी मात्र सर्वांच्या दृष्टीसमोर असे आणि तिला कोणाचे संरक्षण नसे. इंग्रजी अमलात साहेबाची स्वारी फेरीवर निघाली म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांनी, इकडे कर्णमाने, हाच परिपाठ चालू ठेवला. म्हणजे गावठी कोंबडीचा भाव शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविला, आणि पुष्कळदा तो शून्य ठरविला.

आज साहेबाची स्वारी नाही, बाजार खुला आहे, कोणी कोणावर जबरदस्ती करीत नाही. मग आज हा भाव कोण ठरवितो? माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन आपणांस त्यावर पारखून घेता येईल. ज्याला थांबता येते तो भाव ठरवितो; आणि कोंबडी पाळणाऱ्या बाईला थांबता येत नाही.

एखाद्या सामान्य घराचा व्यवहार पाहा. दारात पाच-सात कोंबड्या, एक कोंबडा, काही तलंगा आणि पिल्ले. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही सलग देत नाही. दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे पिल्लांना घेऊन हिंडते. बारा अंडी ठेवली तर नऊ-दहा फुटतात. त्यांतली कित्येक घार नेते, मुंगूस नेते, आणि उरलेल्यांवर रोगाची धाड येते. विक्रीच्या वजनापर्यंत निम्मी पोचली तरी बाई स्वतःला भाग्यवान समजते. या साऱ्यावर तिचा रोख खर्च जवळजवळ नसतो: कोंडा, कणी, उष्टे अन्न, आणि बाकीचे कोंबडी स्वतः मिळविते. खर्च नाही म्हणून हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून येईल तो पैसा लाभच आहे अशी समजूत होते. पहाटे खुराडे उघडणे, सांजेला मोजून आत घेणे, डालग्याखाली पिल्ले झाकणे, पावसात त्यांना चुलीजवळ आणणे, या सहा महिन्यांच्या श्रमाला तिच्या मनात दर नाही, घरातील पुरुषाच्या मनात नाही, आणि विकत घेणाऱ्याच्या मनात तर मुळीच नाही.

आता विक्रीचा क्षण पाहा. ज्येष्ठात पेरणी येते. या खोऱ्यात मेट्टूरच्या धरणातून परंपरेने १२ जूनला पाणी सुटते आणि कुरुवै भाताची लगबग सुरू होते; महाराष्ट्रात मृगाची वाट पाहत बियाणे भरावयाचे असते. त्याच सुमारास शाळा उघडतात, वह्या, गणवेश, शुल्क. दोन्हीकडे पैशाची निकड एकाच पंधरवड्यात येते, आणि दोन्हीकडे बाई दारातल्या व्यापाऱ्याला तीन-चार पक्षी देऊन मोकळी होते. त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असते, म्हणून भाव पडलेला असतो. परंतु थोड्याच दिवसांत काय होते? इकडे आडि महिना लागतो, ग्रामदेवतांचे उत्सव सुरू होतात, नवसाची कोंबडी घरोघर हवी असते. तिकडे श्रावण पाळावयाचा म्हणून आषाढ संपण्यापूर्वी सामिष भोजन उरकून घेण्याची घाई होते. भाव चढतो. जिने कोंबडी वाढविली तिने एक महिना आधी ती विकून टाकलेली असते. हा एक महिना, सभ्यहो, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल. पुढे पुरट्टासि महिन्यात पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, व्रतामुळे या प्रांतात मांसाहार घटतो, भाव बसतो. तो उलटला की दीपावली येते आणि भाव पुन्हा उसळतो. मागणीचे हे पंचांग कोणापासूनही लपलेले नाही. ते व्यापाऱ्याला ठाऊक आहे, आणि बाईलाही ते तितकेच ठाऊक आहे. तिच्यापाशी उणीव ज्ञानाची नाही, अवधीची आहे.

काही विद्वान म्हणतील, दीपावलीला भाव चढतो तर त्या बेताने पिल्ले का काढू नयेत? बोलणे सोपे आहे. गावठी पक्षी सव्वा-दीड किलो भरावयास पाच-सहा महिने लागतात; म्हणजे दीपावलीचा कोंबडा चैत्र-वैशाखात फुटला पाहिजे, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात उबवणीची अंडी खराब होतात, खुडूक कोंबडी हैराण होते, आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ फिरत असते. सणाचा भाव चढा असतो, त्यात हेही एक कारण आहे.

या ठिकाणी व्यापाऱ्याविषयी दोन शब्द न्यायबुद्धीने बोलले पाहिजेत, कारण त्याला खलपुरुष ठरवून आपण मोकळे झालो तर मूळ रोग जागच्या जागी राहील. तो सायकलीवर अथवा मोपेडवर झापा बांधून दहा गावे हिंडतो, एका दारात दोन, दुसऱ्या दारात एक असे पक्षी गोळा करतो. वाटेत काही मरतात, उन्हाने वजन घटते, संध्याकाळी मोठ्या व्यापाऱ्याला माल दिला नाही तर रात्रीचा सांभाळ त्याच्याच माथी. हे काम कोणीतरी केलेच पाहिजे, आणि त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप त्याच्या मापावर आहे. तो घेतो नगावर आणि विकतो वजनावर. कोंबडी पाय धरून उचलायची, हातावर झुलवायची, आणि अंदाजे किलोभर भरेल असे सांगून पैसे पुढे करायचे. तीच कोंबडी तंजावरच्या किंवा तिरुच्चीच्या दुकानात काट्यावर चढते आणि तेथे ग्रॅमाग्रॅमाचा दाम घेतला जातो. दारातला अंदाज आणि दुकानातला काटा यांच्या मधे जे वजन हरवते ते बाईचे असते.

आता कोणी याच प्रांतातल्या, अंड्यांच्या मोठ्या फार्मांसाठी प्रसिद्ध अशा नामक्कलकडे बोट दाखवील, आणि ते दाखविणे योग्यच आहे. १९८० च्या सुमारास अंडी उत्पादकांची स्थिती गावच्या बाईहून फार निराळी नव्हती. माल नाशवंत, भाव शहरातल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या हाती, आणि उत्पादक विखुरलेले. तेव्हा डॉक्टर बी. व्ही. राव यांनी प्रांतोप्रांती हिंडून त्यांना एकत्र आणले, आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, जिचे मुख्य ठाणे आपल्या पुण्यात आहे. माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन, अशा आशयाची त्या चळवळीची घोषणा होती. तेव्हापासून नामक्कलसह निरनिराळ्या केंद्रांचा अंड्याचा भाव दररोज जाहीर होतो. हा भाव सुचविलेला असतो, सक्तीचा नसतो. तरीही जुन्या पेठांत कोतवाल जो निरख लावीत असे तसा एक निरख, आणि तोही उत्पादकांनीच लावलेला, प्रथमच या धंद्याला मिळाला. ही गोष्ट लहान नव्हे.

पण त्या निरखात गावठी अंड्याला स्थान नाही. नामक्कलची कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते, एका शेडमध्ये हजारो कोंबड्या असतात, सर्व अंडी जवळजवळ एकसारखी. म्हणून एकच भाव सर्वांना लावता येतो. गावठी अंडे लहान-मोठे, रंगाने निरनिराळे, आठवड्याला पाच-दहा जमणारे. गंमत अशी की शहरातला ग्राहक त्याच अंड्याला दुप्पट-तिप्पट पैसे देण्यास आनंदाने तयार आहे. मात्र समोरचे अंडे गावठीच आहे याची खात्री त्याला कोण देणार? तपकिरी कवचाची अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या आज फार्मवर पाळल्या जातात, आणि त्यांची अंडी गावठी म्हणून खपतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकल्याच्या बातम्या या प्रांतातल्या वृत्तपत्रांनी छापल्या आहेत. कोंबडीचेही तेच. येथे सिरुविडै आणि पेरुविडै या दोन जाती घरोघर ओळखीच्या आहेत, महाराष्ट्रात गावरान कोंबडी डोळ्यांनी ओळखणारे अजून आहेत. पण सोललेल्या, तुकडे केलेल्या मांसात रंगीत पिसांच्या संकरित पक्ष्याहून ती वेगळी कशी ओळखावी? नकली माल खऱ्या मालाचा भाव खातो, आणि ज्या बाईचा माल खरा असतो तिच्यापाशी ते सिद्ध करणारा एकही कागद नसतो.

या धंद्याची राष्ट्रीय व्याप्ती एका वाक्यात सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण कुक्कुटादि पक्षी सुमारे ८५ कोटी भरले, त्यांतले जवळपास ३२ कोटी घरगुती परसातले होते, आणि हा परसातला आकडा २०१२ पेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. एकूण पक्ष्यांच्या संख्येत राज्यांमध्ये तमिळनाडूचा क्रमांक पहिला. धंदा मरत नाही, वाढत आहे. म्हणूनच त्याच्याभोवती लबाडांची गर्दी होते.

तमिळनाडूने हे २०१२ साली इरोडजवळच्या पेरुन्दुरैत पाहिले. ईमू नावाचा परदेशी पक्षी पाळावयास द्यायचा, महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, आणि पक्षी अमुक किमतीला परत घेऊ असा लेखी करार करायचा. हजारो लोकांनी ठेवी दिल्या, आणि एके दिवशी कचेरीला कुलूप लागले. महाराष्ट्राने तेच २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात पाहिले; पक्षी कडकनाथ होता, झाबुआचा, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. पिल्ले महाग विकली, अंडी व कोंबड्या चढ्या दराने परत घेण्याचे वचन दिले, आणि ते वचन मोडले. दोन्ही ठिकाणी लोकांनी पक्ष्यावर विश्वास ठेवला नव्हता, भावाच्या हमीवर ठेवला होता. आयुष्यभर पडत्या भावाचे भय सोसलेल्या शेतकऱ्याला निश्चित दराचे वचन किती मोहक वाटत असेल, याची कल्पना करा! त्याला लोभी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या हमीसाठी तो तळमळत होता ती प्रामाणिक माणसांनी त्याला कधी देऊ केली नाही, म्हणून तो अप्रामाणिकांच्या हाती सापडला.

आणि सरकार? सरकार गावठी कोंबडीची किंमत ठरविते ती बहुधा तिच्या मरणानंतर. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, भारतात पहिल्याने. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड, साळवे या गावांत तो परसातल्या कोंबड्यांत सापडला, आणि आसपासच्या टापूतील पक्षी घरोघर फिरून नष्ट करण्यात आले. लोकांच्या आरोग्यासाठी ते करणे प्राप्तच होते. परंतु पंचनामा करताना, नुकसानभरपाईचा तक्ता लावताना, खुडूक कोंबडी, चार दिवसांची पिल्ले, आणि पुढच्या सणासाठी राखलेला कोंबडा यांची किंमत एका रकान्यात कशी मांडावयाची? फार्मच्या मालकाजवळ खरेदीच्या पावत्या असतात. बाईजवळ रिकामे खुराडे होते.

मग करावे काय? मी अर्थशास्त्रज्ञ नाही, आणि मोठ्या योजनांची मला धास्ती वाटते. महाराष्ट्रात गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी वाटले गेले, इकडे ग्रामीण स्त्रियांना पिल्ले वाटण्याच्या योजना झाल्या. पिल्लू देणे सर्वांना सुचते, कारण त्याचे छायाचित्र चांगले येते. त्या पिल्लाची कोंबडी झाल्यावर ती कोणाला, कशी, किती वजनाने विकावी, याची तजवीज योजनेत क्वचितच असते. माझी पहिली मागणी अगदी साधी आहे: प्रत्येक गावात स्त्रियांच्या बचतगटाच्या ताब्यात एक प्रमाणित तराजू असावा, आणि त्याशेजारी फळ्यावर त्या दिवशीचा तालुक्याचा जिवंत वजनाचा भाव लिहिलेला असावा. १९९९ मध्ये तमिळनाडूत उळवर सन्दै, म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार, निघाले; तेथे भाजीचा दर रोज फळ्यावर लिहितात आणि शेतकरी थेट विकतो. भाजीला जे मिळाले ते कोंबडीला का मिळू नये?

दुसरी गोष्ट लसीची. बाजाराच्या व्याख्यानात ती कशी आली, असे आपण विचाराल. मघाशी मी म्हटले की बाईला थांबता येत नाही. पैशाची निकड हे एक कारण. दुसरे कारण भीती. मानमोडी शेजारच्या गावात आली अशी वार्ता आली की सारे गाव एका दिवसात कोंबड्या विकून टाकते, व्यापारी निम्म्या दराने घेतो, आणि त्याच झाप्यातून रोग पुढच्या गावी जातो. एक महिना थांबले असते तर भाव मिळाला असता हे खरे. पण त्या एका महिन्यात सारा कळपच गेला असता तर? तिचे विकणे अविचाराचे नसते. कुमाऊँतल्या राणीखेत येथे हा रोग १९२७-२८ च्या सुमारास ओळखला गेला, पुढे मुक्तेश्वरच्या संशोधनसंस्थेत त्याची लस तयार झाली, आणि तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने तर परसातल्या कोंबड्यांसाठी दाण्यासारखी खाऊ घालता येईल अशी लस सिद्ध केली, म्हणजे झाडावर बसणारी कोंबडी धरून सुई टोचण्याचाही त्रास नाही. उन्हाळ्यापूर्वी ज्या कळपाला लस मिळाली त्या कळपाची मालकीण आडि महिन्याची वाट पाहू शकते. येथून फार दूर नसलेल्या ओरत्तनाडूत तंजावरच्या सरफोजीराजांनी आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ अन्नछत्र उघडले, जेथे वाटसरूला जात न विचारता जेवण मिळे. त्याच ओरत्तनाडूत २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि या खोऱ्यातील बचतगट यांची गाठ घालून देणे हे काम तंजावरच्या मराठी मंडळींनी अंगावर घेतले, तर सरफोजीराजांचे स्मरण केवळ जयंतीपुरते उरणार नाही.

तिसरी गोष्ट तगाईची. जुन्या अमलात पेरणीसाठी रयतेला तगाई मिळे. ज्येष्ठातल्या त्या एका महिन्यासाठी गटाने बाईला तिच्या कळपाच्या तारणावर लहानशी उचल द्यावी, आणि आडि-आषाढात विक्री झाली की ती वळती करून घ्यावी. रक्कम लहान आहे, मुदत लहान आहे. मोठ्या बँकेला ती परवडणार नाही, गटाला परवडेल. मध्य प्रदेशातील केसला येथे आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संस्थेने एक बोधप्रद मार्ग काढला आहे. तेथे पक्षी ब्रॉयलर आहेत, गावठी नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु बाजाराची चढउतार संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतली आणि बाईला तिच्या पालनाच्या गुणवत्तेवर मेहनताना दिला. भाव पडला तरी तिची चूल विझत नाही. गावठी कोंबडीला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही, पण जोखीम कोणाच्या खांद्यावर असावी याचा विचार तेथे झाला आहे, आणि तोच आपल्याकडे राहून गेला आहे.

शेवटी एक शंका, जी मला पुष्कळ दिवस सतावीत होती. गावठी अंड्याला चांगला भाव मिळू लागला तर घरचे मूल अंड्याला मुकेल काय? दहा अंडी होती, दोन मुलाला मिळत. उद्या दहाही बाजारात जातील. शंका खरी आहे, आणि दुधाच्या बाबतीत पुष्कळ गावांनी हे अनुभवले आहे. परंतु तमिळनाडूने याचे उत्तर, कदाचित या हेतूने नव्हे, पण दिलेले आहे. १९८२ च्या जुलैत, ज्या वर्षी अंडी समिती निघाली त्याच वर्षी, एम. जी. रामचंद्रन् यांनी पोषक मध्यान्हभोजन सुरू केले; १९८९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने त्यात पंधरवड्याला एक अंडे घातले, आणि ते वाढत वाढत आठवड्याला पाचांवर आले. म्हणजे मूल शाळेत नामक्कलचे स्वस्त अंडे खाते, आणि आई घरचे महाग अंडे निश्चिंतपणे बाजारात पाठविते, किंवा कोंबडीखाली ठेवून त्याचे पिल्लू करते. शाळेतल्या त्या अंड्यानेही तिला थांबण्याचे बळ मिळते. माझ्या महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेत आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचा निर्णय झाला; २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी बंद करण्यात आला आणि हवे असल्यास गावाने लोकवर्गणी काढावी असे सांगण्यात आले. नवापूर, मारूळ, सावदा ही गावे त्याच महाराष्ट्रात आहेत. तो निधी पुन्हा सुरू व्हावा, आणि एका अंड्यावर न थांबता तमिळनाडूएवढा व्हावा, ही मागणी मी येथून, तिरुवैयारुहून, माझ्या प्रांताच्या सरकारकडे करीत आहे; आणि आपण तंजावरकर मराठी मंडळी, ज्यांच्या मुलांनी ही योजना चाळीस वर्षे डोळ्यांनी पाहिली आहे, आपला अनुभव मराठीत लिहून तिकडे पाठवाल, तर माझ्या व्याख्यानाहून त्याचा उपयोग अधिक होईल.